फुरसं हा विषारी साप पायाजवळ असूनही दिसत का नाही?

कारण ते हलत नाही, आणि न हलणारं फुरसं जांभ्याच्या सड्यावरच्या, म्हणजे कोकणातल्या तांबूस दगडाच्या उघड्या पठारावरच्या, माती-खड्यांत पार मिसळून जातं. ही करामत नुसत्या तपकिरी रंगाची नाही. पाठीवर फिकट ठिपके आणि दोन्ही कुशींना पांढरट नागमोडी रेघ असते. तिच्यामुळे नजरेला अख्ख्या सापाची कड सापडतच नाही, सुटे तुकडे दिसतात. शिवाय खवल्यांच्या मधोमध उभी उंचवट्याची रेघ असल्याने अंग चकाकत नाही, खरखरीत दिसतं. त्यात लांबी जेमतेम फूट-दीड फूट! विंचू, बेडूक, पाल टप्प्यात येईपर्यंत ते असंच वेटोळं घालून बसतं, म्हणजे हे लपणं शत्रूइतकंच भक्ष्यासाठीही. डांबरी रस्त्यावर मात्र हेच फुरसं बऱ्यापैकी उठून दिसतं. डिवचलं तर वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखराट करतं. पण दर वेळी आवाज येईलच असं धरू नका. नकळत पाय पडला तर इशाऱ्याला वेळच उरत नाही. सड्यावरचा दगड उचलायचा तर आधी काठीने उलटा, आणि रात्री बॅटरीचा झोत पायापुढे ठेवा.