उभ्या गाडीचं दार लागलं तरी दावा होतो

प्रश्न : मी इंदूरला सुदामानगरात राहते. घरी डबे करते आणि सायकलवरून पोचवते. चार महिन्यांपूर्वी दुपारी अन्नपूर्णा रोडवर डाव्या कडेनं जात होते. कडेला उभ्या असलेल्या एका कारचं मागचं उजवं दार एकदम उघडलं आणि मी त्यावर आदळून पडले. खांद्याजवळचं कॉलर बोन मोडलं, प्लेट बसवावी लागली, 96 हजार खर्च झाला. दार गाडीच्या मालकांच्या मुलीनं उघडलं, ती कॉलेजात जाते, गाडी तिच्या भावानं आणली होती. त्यांनीच मला खासगी दवाखान्यात नेलं, दहा हजार भरले आणि 'काही तक्रार नाही' अशा कागदावर सही घेतली. दवाखान्याच्या कागदांत 'सायकलवरून पडून' एवढंच लिहिलंय. पुढे माझ्या मुलानं त्यांच्या घरी जाऊन रागाच्या भरात गाडीचा आरसा फोडला. आता मालक व्हॉट्सॲपवर दाराचे 18 हजार आणि आरशाचे 4 हजार मागताहेत. वर म्हणतात, सायकलला ना लायसन ना टॅक्स, हँडलला डबे लटकवले होते, हेल्मेट नव्हतं, चूक तुमचीच. पोलिस ठाण्यात सांगितलं की गाडी उभी होती, केस बनत नाही, आपसात मिटवा. ही माणसं आमच्याच मंडळातली आहेत. मधेच एक एजंटही येऊन गेला, तीस टक्के दिले तर क्लेम काढून देतो म्हणाला. मी काय करू?

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 नुसार भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाव्यांच्या न्यायाधिकरणात दाखल करायचा असतो. ही अट 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर बसू नका. तुमचे चार महिने गेलेत. मंडळातली माणसं 'बघू, बसू, बोलू' म्हणत राहतील आणि उरलेले दोन महिनेही तसेच निघून जातील. हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आता 'गाडी उभी होती'. ठाण्यातल्या माणसाचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 281 निष्काळजीपणानं वाहन चालवण्याबद्दल आहे, ते इथे लावणं अवघड जाईल. पण कलम 125 मध्ये वाहनाचा उल्लेखच नाही. दुसऱ्याच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका होईल असं कुठलंही बेपर्वा किंवा निष्काळजी कृत्य त्यात येतं. मागं न बघता रहदारीच्या बाजूचं दार उघडणं हे तसंच कृत्य. त्यातून गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाड मोडणं ही गंभीर दुखापत आहे, हे कलम 116 मध्ये स्पष्ट लिहिलंय. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी नोंदवायलाच हवा असा, असल्यामुळे 'आपसात मिटवा' हा ठाण्याचा निर्णय असू शकत नाही. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. अशा गुन्ह्यात आधी प्राथमिक चौकशी करायची मुभा पोलिसांना आहे, पण तीही 14 दिवसांत संपवावी लागते. तक्रार घेतलीच नाही तर तीच टपालानं वरिष्ठांना पाठवता येते. आपल्या शहरात 2021 पासून पोलिस आयुक्तालय आहे, म्हणजे तुमच्या झोनच्या पोलिस उपायुक्तांना पाठवा. त्यानंतरही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

चार महिने उशीर झाला म्हणून घाबरू नका. रवी विरुद्ध बद्रीनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सांगितलंय की अपघातात माणूस आधी जखमीला सांभाळतो, तेवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही. उशीर का झाला ते मात्र तक्रारीत सरळ लिहा: ऑपरेशन, घरी दुसरं करणारं कोणी नाही, समोरच्यांनी घेतलेली सही.

तुम्ही स्वतः विचारलेलं नाही, पण पत्राच्या ओळींतून दिसतं की त्या मुलीवर गुन्हा लागेल याची तुम्हाला टोचणी आहे. तक्रार दिली तर गुन्हा नोंदला जाईल, हे मी लपवणार नाही. पुढे न्यायालयात तडजोड करायची वाट मोकळी असते आणि ती जखमी म्हणून तुमच्याच हातात असते. पण पोलिसांत नोंदच नसली तर विमा कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल की अपघात झालाच नव्हता. म्हणून माझं मत तक्रार देण्याच्या बाजूनं आहे.

खरा पैशाचा प्रश्न मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 चा आहे. मोटार वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघातात कुणाला गंभीर दुखापत झाली तर मालकानं किंवा त्याच्या विमा कंपनीनं अडीच लाख रुपये द्यायचे, आणि जखमीनं कुणाचीही चूक सिद्ध करायची नाही, असं हे कलम म्हणतं. 'कुणाचीही' हा शब्द तुमच्यासाठी सोन्याचा आहे. मुलीनं दार उघडलं की भावानं गाडी चुकीच्या जागी लावली, हँडलला दोन डबे होते की चार, तुम्ही दारापासून एक हात लांब होता की दोन, ही सगळी भांडणं बाजूला पडतात.

विमा कंपनीकडे एकच मुद्दा उरतो: गाडी उभी होती, मग 'वापर' कसला? याचं उत्तर आपल्याला सातारा जिल्ह्यातून मिळतं. 1987 मध्ये महामार्गावर कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर पहाटे ट्रकला धडकून रस्त्याखाली कलंडला. काही तासांनी, लोक जमलेले असताना स्फोट झाला आणि माणसं गेली. टँकर तर कधीचाच पडून होता, मग वापर कुठला, असं तेव्हाही विचारलं गेलं. शिवाजी दयानू पाटील विरुद्ध वत्सला उत्तम मोरे या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये 'वापरातून उद्भवलेला' या शब्दांचा अर्थ व्यापक घ्यायला सांगितला. वाहन चालतं असलंच पाहिजे असं नाही. तो वादही चूक सिद्ध न करता मिळणाऱ्या भरपाईचाच होता. कडेला थांबवलेल्या गाडीतून प्रवासी उतरणं हा तर तिचा रोजचा वापर झाला. माझ्या मते तुमची बाजू भक्कम आहे.

मग 166 कशाला? तिथे अडीच लाखांची मर्यादा नाही. उपचार, बुडालेली कमाई, वेदना, कायमचं अधूपण, सगळं मागता येतं. पण चूक सिद्ध करावी लागते, डब्यांचा मुद्दा येतो, आणि तुमचाही थोडा दोष ठरला तर त्या प्रमाणात रक्कम कापली जाते. शिवाय डब्यांच्या धंद्याचा हिशेब कोणत्या वहीत आहे, असं विचारलं जाईल. दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत. 164 ची रक्कम स्वीकारली की 166 चा अर्ज संपतो. म्हणून निवड करण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना एकच गोष्ट विचारा: हात डोक्याच्या वर पूर्ण जाईल का? जाणार असेल तर 164 घ्या आणि मोकळ्या व्हा. खांदा कायमचा आखडणार असेल तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून 166 चा विचार करा. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या निकालाप्रमाणे डॉक्टरांनी लिहिलेले टक्के आणि कमाईवर झालेला परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेबलावर बसून काम करणाऱ्याला जो खांदा चालून जाईल, तो रोज पोळ्या लाटून सायकल मारणाऱ्या बाईला चालेलच असं नाही.

पुरावा मात्र कच्चा आहे. चार महिन्यांनी दुकानांच्या कॅमेऱ्यांत काही सापडणार नाही. दवाखान्यात 'सायकलवरून पडून' लिहिलंय, कारण माहिती कारवाल्यांनी दिली असावी. ते खोडून दुसरं लिहून मागू नका. भरतीच्या वेळची माहिती कुणी सांगितली, ते दाखवणाऱ्या नोंदीसकट सगळ्या कागदांच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागवा. तिथला एखादा पोहेवाला, रिक्षावाला, पडल्यावर डबे गोळा करून देणारं कुणी आठवतंय का बघा.

आणि तो व्हॉट्सॲप! तुमच्या हातातला सगळ्यात चांगला पुरावा मालकांनी स्वतःच पाठवलाय. 'तुमच्या सायकलनं आमचं दार वाकलं' असं लिहिताना त्यांनी गाडी, दार आणि धडक तिन्ही कबूल केलं. तो मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्याच्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देईल.

दाराचे 18 हजार देऊ नका. ते हवे असतील तर त्यांना तुमची चूक दिवाणी न्यायालयात सिद्ध करावी लागेल. स्वतःच्या विम्यातून दुरुस्ती मागितली तरी दार कसं वाकलं ते फॉर्मवर लिहावं लागेल, आणि तेही आपल्याच उपयोगाचं.

लायसन-टॅक्सवाल्या वाक्याला फार वेळ देण्याची गरज नाही, पण मंडळात ते पुन्हा ऐकावं लागणार म्हणून सांगते. सायकल ही कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहन नाही. म्हणून तिला नोंदणी, लायसन, विमा काही लागत नाही. मोटार वाहन कायद्यातलं हेल्मेटचं कलम 129 मोटारसायकलपुरतं आहे, आणि मोडलं तुमचं खांद्याजवळचं हाड. वाहनावरचा कर ही रस्त्यावर येण्याची फी नाही. जुन्या पिढीला नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला आठवत असेल, तेव्हा सायकलवालाही कर भरायचा आणि मोटारवाले तेव्हाही हॉर्न मारायचेच. उलट 2017 च्या वाहन चालवण्याच्या विनियमांत पादचारी, सायकलस्वार, मुलं आणि वृद्धांची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी वाहन चालवणाऱ्यावर टाकली आहे. याचा अर्थ सायकलवाल्याला मोकळं रान आहे असा नाही. न्याय संहितेचं कलम 281 सायकल चालवणाऱ्यालाही लागतं, उलट्या बाजूनं येणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं. तुम्ही डावीकडून जात होता, तेव्हा तो विषय इथे नाही. पुढे मात्र उभ्या गाड्यांपासून दाराएवढं अंतर ठेवत चला.

'तक्रार नाही' हा कागद तुम्हाला बांधून टाकत नाही. मोडलेलं हाड, औषधांची गुंगी आणि समोर पैसे भरणारी माणसं असताना घेतलेली सही ही मोकळी संमती कितपत, हे न्यायाधीशांनाही कळतं. दहा हजार मात्र मिळाले हे अर्जात प्रामाणिकपणे लिहा. फार तर तेवढे वजा होतील.

मुलानं केलं ते चूकच, आणि त्याचा तुमच्या भरपाईशी संबंध नाही. वस्तूची नासधूस हा न्याय संहितेच्या कलम 324 खालचा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंतची शिक्षा असलेला. आरशाचं बिल मागा, बिलाइतकेच पैसे बँकेतून 'आरसा' असं लिहून पाठवा आणि पावती घ्या. तो सल्ला ऐकत नसेल तर त्याला माझ्याकडे घेऊन या. आरसा आणि दार एका हिशेबात घालू देऊ नका, कारण समोरच्यांना तेच हवंय: तुमचं फिटलं, आमचं फिटलं.

मालकांना एक गोष्ट मंडळातल्याच एखाद्या वडीलधाऱ्याकडून कळवा. गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर अडीच लाख त्यांच्या खिशातून जाणार नाहीत, विमा कंपनी देईल. गाडीचा नंबर टाकून एम-परिवहन ॲपवर विम्याची मुदत तपासून घ्या. अपघाताची माहिती विमा कंपनीला देणं ही मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे गाडी चालवणाऱ्याचीच जबाबदारी होती. ती त्यांनी पार पाडली नाही, आणि तुमच्याशी वाकडेपणा घेण्यापेक्षा अजूनही ती पार पाडणं त्यांच्याच सोयीचं आहे. विमा संपलेला निघाला तर मात्र ते खरोखरच अडचणीत येतील आणि मग बोलण्याचा सूर बदलेल, त्याची तयारी ठेवा.

त्या एजंटला दारातूनच परत पाठवा. निकालातल्या रकमेत वाटा ठरवून फी घेणं वकिलालाही बार कौन्सिलच्या नियमांनुसार मना आहे, मग एजंटची काय कथा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा किंवा 15100 वर फोन करा. जाताना दवाखान्याचे सगळे कागद, एक्स-रे, औषधांची बिलं, गाडीचा नंबर आणि तो फोन सोबत न्या. हे याच आठवड्यात करा.