वाचकांचे प्रश्न : ऑक्टोबरचा उकाडा आणि रविवारची लाँग रन

प्रश्न : आमचा पंधरा-वीस जणांचा गट जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनची तयारी करत आहे. गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही शिवाजी पुलावरून पन्हाळा रस्त्याने २८ किलोमीटरच्या लाँग रनसाठी निघालो. आदल्या संध्याकाळी पाऊस पडून गेला होता, हवा गार वाटत होती, पण वारा अजिबात नव्हता. एरवी किलोमीटरला साडेसहा मिनिटांचा पेस मी सहज राखतो. त्या दिवशी अठराव्या किलोमीटरनंतर त्याच पेसला हार्ट रेट पंधरा-वीस ठोक्यांनी वाढला आणि साडेसात मिनिटांवर येऊनही धाप थांबेना. आमच्यातील एकाच्या अंगावर ऐन उन्हात काटा आला, तो अडखळू लागला. तरी ‘आता थोडेच राहिले’ म्हणून सर्वांनी त्याला पळत ठेवले. सुदैवाने तो आता बरा आहे. माझी तयारी कमी पडते आहे का? अशा हवेत पाणी आणि मीठ किती घ्यावे? गट म्हणून आमचे काय चुकले?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते पुढच्या रविवारच्या आत तुमच्या गटातील प्रत्येकापर्यंत पोहोचले पाहिजे. उन्हात पळताना अंगावर काटा येणे, थंडी वाजणे, पाय वेडेवाकडे पडणे, विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देणे किंवा विनाकारण चिडणे ही थकव्याची नव्हे, तर शरीराचे तापमान हाताबाहेर जात असल्याची लक्षणे असू शकतात. त्या क्षणी त्या धावपटूची लाँग रन संपली, असे सर्वांनी मानावे. त्याचा स्वतःचा निर्णय येथे ग्राह्य धरू नये, कारण तापलेल्या मेंदूला आपण तापलो आहोत हे कळत नाही. बोलणे असंबद्ध झाले असेल तर तो उष्माघात समजून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मात्र ती येईपर्यंत वाट पाहत बसू नये. त्याला सावलीत आडवे करावे, अंगावरचे कपडे सैल करावेत आणि मिळेल तितके गार पाणी सतत ओतत राहावे. पन्हाळा रस्त्याला शेतातील मोटारीची धार किंवा पाण्याचा हौद बहुधा जवळपास सापडतो. त्या पाण्यात त्याला मानेपर्यंत बसवता आले, डोके धरून ठेवायला दोघे जण असले, तर त्याहून चांगला प्रथमोपचार रस्त्यावर दुसरा नाही. पूर्ण शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये आणि तापावरची गोळी देऊ नये. या तापावर ती चालत नाही. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते आणि ते पहिल्या अर्ध्या तासात खाली आणण्यावर जीव वाचणे अवलंबून असते.

आता तुमच्या तयारीविषयी. ती कमी पडलेली दिसत नाही. साठ किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर धावताना सुमारे ६० किलोकॅलरी खर्च करतो आणि त्यातील जेमतेम पाव हिस्सा पळण्याच्या कामी येतो; उरलेल्याची उष्णता होते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे एरवी हा हिशेब सहज जुळतो. परंतु हवा आधीच बाष्पाने भरलेली असली की घाम वाळत नाही, नुसता टपटप गळतो, आणि गळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. मग उष्णता बाहेर टाकण्यासाठी हृदय अधिकाधिक रक्त त्वचेकडे पाठवते, घामामुळे रक्तातील पाणी कमी होते, आणि स्नायूंना तेवढेच रक्त पुरवायला ठोके वाढवावे लागतात. तुमच्या घड्याळाने दाखवलेले वाढीव पंधरा-वीस ठोके हेच आहेत. नदीकाठच्या त्या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे उसाचे फड वारा अडवतात, ही भर वेगळीच.

जगातील उत्तम धावपटूंनाही यातून सूट नाही. रूथ चेपनगेटिच हिने जानेवारी २०१९ मध्ये दुबईत २ तास १७ मिनिटे ८ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर दोहा येथील जागतिक स्पर्धेत, उकाड्यामुळे शर्यत मध्यरात्री ठेवूनही, तिला सुवर्णपदकासाठी २ तास ३२ मिनिटे ४३ सेकंद लागले. त्या शर्यतीत उतरलेल्या ६८ जणींपैकी २८ जणींना ती पूर्ण करता आली नाही. म्हणून अशा दिवशी ठरलेला पेस विसरून, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच श्रमाने, पहिल्या किलोमीटरपासून पळावे. किलोमीटरऐवजी वेळ धरावी: तीन तास ठरले असतील तर तीन तास, अंतर होईल तेवढे होऊ द्यावे.

हवा कशी आहे हे आर्द्रतेच्या टक्क्यांवरून ठरवू नये. पहाटे ९० टक्के असलेली आर्द्रता नऊ वाजता ६० वर येते, पण हवेतील बाष्प बहुतांशी तेवढेच असते. फक्त हवा तापलेली असते आणि वर ऊन आलेले असते. मोबाइलवरील हवामानात दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते तो आकडा, पाहावा. तो २० अंशांच्या वर असेल तर सुरुवातच सावकाश करावी, आणि २३-२४ असेल तर माझ्या मते अंतरच कमी करावे. या हवेला शरीर सरावते, मात्र त्यासाठी रोज थोडे असे दहा ते चौदा दिवस लागतात. आठवडाभर वातानुकूलित जिममध्ये पळून रविवारी एकदम तीन तास उकाड्यात गेल्याने तो सराव होत नाही.

पाण्याचे एकच माप सर्वांना लागू नाही, कारण एखाद्याला तासाला अर्धा लिटर घाम येतो तर एखाद्याला दीड-दोन लिटर. पळण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर, त्यात वाटेत प्यालेले पाणी मिळवावे. वजन दोन टक्क्यांपर्यंत उतरले तर चिंता नको. ते वाढले असेल तर मात्र काळजी करावी. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर कमी झाले होते आणि धावताना वजन वाढणे, म्हणजे घामावाटे गेले त्याहून जास्त पाणी पिणे, हे त्याचे मोठे कारण ठरले. तेव्हा तहानेप्रमाणे प्यावे. दोन तासांपुढे नुसत्या पाण्याऐवजी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवलेले ओआरएस जवळ ठेवावे. लाँग रनच्या आधी वेदनाशामक गोळी कोणीही घेऊ नये. घामाने पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडांवर तिचा ताण पडतो.

राहिला मार्ग. पन्हाळ्याच्या दिशेने चौदा किलोमीटर गेल्यावर त्रास झाला तर परतीचे तेवढेच अंतर समोर असते. दवबिंदू चढा असेल त्या रविवारी रंकाळ्याभोवती किंवा विद्यापीठाच्या आवारातील झाडांखाली फेऱ्या माराव्यात. तेथे दर फेरीला पाणी आणि बर्फाचा डबा एकाच जागी ठेवता येतो आणि थांबणाऱ्याला घरी जाणे सोपे पडते. जोड्या ठरवून द्याव्यात व आपला जोडीदार कसा बोलतो आहे, हे प्रत्येकाने पाहावे. निघायची वेळही तासभर आधी आणावी.

प्रश्न : नवरात्राचे नऊ दिवस मी उपवास करते. त्या काळातील रविवारी लाँग रन करावी का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : फळे, दूध, राजगिरा, साबुदाणा असे खाऊन तुम्ही उपवास करत असाल तर तासा-दीड तासाचे हलके पळणे करायला हरकत नाही, मात्र आदल्या रात्री पोटभर खाल्लेले असावे. गूळ आणि चिमूटभर सैंधव घातलेले लिंबूपाणी बरोबर घ्यावे. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने घामातून गेलेले मीठ त्यातून भरून निघू शकते. पहाटे पळून आल्यावर अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत उभे राहायचे असेल तर आधी दूध-केळे घ्यावे व सावकाश पाणी प्यावे, कारण पळून लगेच दीर्घकाळ उभे राहिल्यास रक्त पायांत साठून घेरी येते. निर्जळी उपवास असेल त्या दिवशी पळू नये. अडीच-तीन तासांची लाँग रन दसऱ्यानंतरच्या रविवारी ठेवावी. एका आठवड्याने तयारीत काहीही फरक पडत नाही.