पाचशे मीटरवरचं हरीण

प्रश्न : परवाना काढून हरणाची शिकार करतो. रायफल .३०८ विंचेस्टर काडतुसाची आहे. ५०० मीटरवरून मारायचं तर ६.५ क्रीडमूर काडतुसाची घ्यावी का?

उत्तर : हौस असेल तर जरूर घ्या. २००७ साली आलेलं हे काडतूस मुळात लक्ष्यवेधाच्या स्पर्धांसाठी घडवलेलं. गोळी लांब, सडपातळ, आणि खांद्याला बसणारा धक्काही कमी, त्यामुळे चाप ओढताना माणूस दचकत नाही. हा फायदा मी मोठा मानतो.

पण वारा दोघांनाही सोडत नाही. वाऱ्याच्या वेगाचा अंदाज सेकंदाला दोन मीटरने चुकला, तर तेवढ्या अंतरावर .३०८ची गोळी फूटभर सरकते आणि क्रीडमूरची वीतभर. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागाच मुळी वीतभर! शिवाय गोळी पोचायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो. तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल टाकतं आणि छातीचा नेम पोटात बसतो. मग ते तासन्‌तास तडफडतं. कागदी लक्ष्य पाऊल टाकत नाही, म्हणून मैदानावरच्या गुणांवर माझा फारसा भरवसा नाही.

वेगही पाहा. अनेक शिकारी गोळ्या सेकंदाला ५५० मीटरच्या खाली अंगात शिरल्यावर नीट फुलत, म्हणजे पसरून मोठी जखम करत नाहीत, आणि .३०८ पाचशेवर साधारण तिथेच येऊन ठेपते.

रायफल बदलण्याआधी थंड नळीतली पहिलीच गोळी, गुडघ्यावर बसून, वाऱ्यात, कुठवर त्या वितीत हमखास बसते ते तपासा. तुमची मर्यादा तेवढीच. त्यापलीकडे हरीण दिसलं तर रांगत जवळ जा, नाहीतर जाऊ द्या.