वाचकांचे प्रश्न : मेनिंजायटिसचा जंतू औषधाला दाद देत नाही तेव्हा

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना न्यूमोकोकस जंतूमुळे मेनिंजायटिस (मेंदूभोवतीच्या आवरणाचा दाह) झाला आहे. कल्चर (जंतू वाढवून केलेली तपासणी) रिपोर्टमध्ये पेनिसिलिनच्या दोन ओळी आहेत. एकीपुढे ‘आर’ लिहिलंय, दुसरीपुढे ‘एस’, आणि एमआयसी दोन्हीकडे ०.५ च आहे. छपाईची चूक आहे का?

उत्तर : चूक नाही. ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो, ‘आर’ म्हणजे देत नाही. उलट लॅबने काम नीट केल्याची ती खूण आहे. दोन ओळींतली एक मेनिंजायटिससाठी असते आणि दुसरी न्यूमोनियासारख्या इतर आजारांसाठी. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत फक्त मेनिंजायटिसची वाचायची.

एमआयसी म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण, दर मिलिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये. शिरेतून दिलेलं पेनिसिलिन फुप्फुसात भरपूर पोचतं, म्हणून तिथे एमआयसी २ पर्यंत असली तरी जंतू ‘एस’ धरतात. मेंदूभोवतीच्या पाण्यात मात्र रक्तातल्या पातळीच्या जेमतेम ५ ते १५ टक्के औषध उतरतं, तेही आवरणाला सूज असेपर्यंत. शिवाय त्या पाण्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती तोकडी पडते. तिथे जंतूला नुसतं थोपवून भागत नाही, औषधानेच मारावा लागतो, आणि त्यासाठी पाण्यातली पातळी एमआयसीच्या निदान दहापट हवी. म्हणून मेनिंजायटिससाठी मर्यादा कडक आहेत : पेनिसिलिनची एमआयसी ०.०६ किंवा कमी असेल तर ‘एस’, ०.१२ पासून पुढे थेट ‘आर’. मधली पायरीच नाही. सेफट्रायाक्झोन या दुसऱ्या अँटिबायोटिकसाठी ०.५ पर्यंत ‘एस’, १ मधलं, २ पासून ‘आर’.

आता सेफट्रायाक्झोनची ओळ बघा. तिथे ०.५ किंवा कमी असेल तर एकट्या सेफट्रायाक्झोनवर काम होतं : प्रौढांना २ ग्रॅम, दर १२ तासांनी. आकडा १ किंवा जास्त असेल तर सोबत व्हॅन्कोमायसिन चालू ठेवतात. २ च्याही वर गेला आणि जंतू रिफॅम्पिसिनला संवेदनशील असला, तर तेही जोडण्याचा विचार होतो, पण रिफॅम्पिसिन कधीच एकटं देत नाहीत. एकटं दिलं की जंतू फार लवकर त्यालाही निर्ढावतो.

‘मग क्लॅव्ह्युलनेट असलेलं पेनिसिलिन का देत नाही?’ असं बरेच नातेवाईक विचारतात. क्लॅव्ह्युलनेट जंतूने बनवलेलं, औषध तोडणारं एन्झाइम निकामी करतं. न्यूमोकोकस तसं एन्झाइम बनवतच नाही. पेनिसिलिन ज्या प्रथिनाला चिकटतं त्या प्रथिनाचा आकारच तो बदलतो. त्यामुळे क्लॅव्ह्युलनेटला इथे काही कामच उरत नाही.

प्रश्न : कल्चर यायच्या आतच तीन-तीन अँटिबायोटिक्स आणि वर स्टेरॉइड सुरू केलं. इतकी घाई आणि इतकी औषधं का?

उत्तर : कल्चर वाढायला आणि सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध चालेल ते) कळायला दोन-तीन दिवस जातात, आणि या आजारात तेवढा वेळ नसतो. संशय आल्यापासून तासाभरात पहिला डोस जायला हवा. सीटी स्कॅनसाठी थांबावं लागणार असेल तर रक्ताचं कल्चर घेऊन औषध आधी द्यायचं आणि पाठीतलं पाणी (म्हणजे मेंदूभोवतीचंच पाणी, तपासणीसाठी) नंतर काढायचं.

सेफट्रायाक्झोन नेहमीच्या जंतूंसाठी. त्याला न जुमानणारा न्यूमोकोकस निघाला तर व्हॅन्कोमायसिन. तिसरं बहुधा अँपिसिलिन असणार, २ ग्रॅम दर ४ तासांनी. रुग्ण पन्नाशीच्या पुढचा किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला असेल तर लिस्टेरिया या जंतूची शक्यता धरावी लागते, आणि लिस्टेरियावर सेफट्रायाक्झोन कितीही दिलं तरी चालत नाही. रिपोर्ट आला की यातली नको ती औषधं काढायची असतात. तिन्ही तशीच दहा दिवस चालू दिसली तर कारण जरूर विचारा.

स्टेरॉइड म्हणजे डेक्सामेथासोन, प्रौढांना १० मिलिग्रॅम दर ६ तासांनी, चार दिवस. ते अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी किंवा सोबतच द्यायचं असतं, कारण जंतू फुटताना उसळणारा दाह त्याने आवरायचा असतो. न्यूमोकोकसमध्ये त्याचा फायदा सर्वांत स्पष्ट दिसतो. एक अडचण मात्र आहे : सूज उतरली की व्हॅन्कोमायसिन पाण्यात आणखी कमी उतरतं. म्हणून त्याचा डोस पुरेपूर लागतो, वजनाच्या दर किलोला १५ ते २० मिलिग्रॅम, दर ८ ते १२ तासांनी. रक्तातली पातळी मोजून आणि क्रिएटिनिनवर (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) नजर ठेवून तो जुळवतात. १ ग्रॅम निदान तासभर चालणाऱ्या सलाईनमधूनच जायला हवं. घाईने सोडलं तर चेहरा-मान लाल होते, खाज सुटते, रक्तदाब पडतो, आणि मग ‘ॲलर्जी आहे’ असा शिक्का बसून गरजेचं औषध विनाकारण बंद पडतं.

न्यूमोकोकस दाद देत नसेल, त्यात स्टेरॉइडही चालू असेल आणि ४८ तासांत सुधारणा दिसत नसेल, तर पाठीतलं पाणी पुन्हा काढून जंतू मेले का ते बघायचं असतं. दुसऱ्यांदा सुई नको म्हणून नातेवाईक अडून बसतात. पण त्या वेळी औषध बदलायचं की नाही हे ठरवायला दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

प्रश्न : मेंदूच्या ऑपरेशननंतर भावाच्या डोक्यात ड्रेनची नळी आहे. मेंदूभोवतीच्या पाण्यात ॲसिनेटोबॅक्टर हा जंतू निघाला. फक्त कोलिस्टिन आणि टायजेसायक्लिनपुढे ‘एस’ आहे. डॉक्टर नळीतून औषध सोडणार म्हणतात. हे धोक्याचं नाही का?

उत्तर : धोका आहेच, पण पर्याय त्याहून वाईट आहे. टायजेसायक्लिनपुढचा ‘एस’ इथे विसरून जा. ते मेंदूभोवतीच्या पाण्यात पुरेसं पोचतच नाही. कोलिस्टिन शिरेतून दिलं तरी तिथे फार थोडं उतरतं, आणि डोस आणखी वाढवला तर आधी किडनी जाते. म्हणून शिरेतून चालू ठेवून शिवाय थेट मेंदूच्या पोकळीत देतात.

पोकळीतला नेहमीचा डोस प्रौढांना दिवसातून एकदा १,२५,००० युनिट, म्हणजे १० मिलिग्रॅम कोलिस्टिमेथेट (कोलिस्टिनचं इंजेक्शनमधलं रूप). सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. १० लाख युनिट म्हणजे सुमारे ८० मिलिग्रॅम कोलिस्टिमेथेट, पण तेच कोलिस्टिन बेसमध्ये मोजलं तर सुमारे ३३ मिलिग्रॅम भरतं. काही कुप्यांवर एक एकक असतं, काहींवर दुसरं. ऑर्डर युनिटमध्येच लिहावी आणि दोन जणांनी पडताळावी, हे उत्तम.

औषध प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच हवं. पूर्ण निर्जंतुक पद्धतीने आधी तेवढंच पाणी काढायचं, मग थोड्या सलाईनमध्ये विरघळवलेलं औषध मिनिट-दोन मिनिटं सावकाश सोडायचं, नळीत अडकलेलं औषध आत जावं म्हणून एक-दोन मिलिलिटर सलाईन ढकलायचं आणि नळी १५ ते ६० मिनिटं बंद ठेवायची. लगेच उघडली तर औषध पिशवीत वाहून जातं. नळी बंद असताना डोक्यातला दाब चढला, उलटी झाली किंवा गुंगी वाढली, तर तिथेच उघडायची. पेनिसिलिन गटातली औषधं मात्र या मार्गाने देत नाहीत, झटके येतात.

शक्य असेल तेव्हा जुनी नळी काढून नवी बसवणं हा उपचाराचाच भाग आहे. नळीच्या आतल्या बाजूला जंतू चिकट थर करून बसतात आणि त्या थरात औषध शिरत नाही. पाण्याचं कल्चर वारंवार करतात. असा जंतू असला की उपचार साधारण तीन आठवडे चालतो, आणि मधे पुन्हा जंतू वाढले तर शेवटच्या पॉझिटिव्ह कल्चरपासून आणखी १० ते १४ दिवस.

इतर कुणाच्या रिपोर्टमध्ये क्लेब्सिएला हा जंतू असून मेरोपेनेम या अँटिबायोटिकपुढे ‘एस’ असेल, तर मेरोपेनेमच आधी, २ ग्रॅम दर ८ तासांनी. न्यूमोनियात १ ग्रॅमवर भागतं, इथे भागत नाही. त्याच गटातलं इमिपेनेम झटक्यांच्या भीतीने टाळतात. मेरोपेनेमलाही ‘आर’ असेल तर लॅबला एन्झाइम कोणतं ते विचारा : एनडीएम असेल तर सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम एकटं चालत नाही, सोबत अ‍ॅझ्ट्रिओनाम लागतं. आणखी एक, जे अनेकदा नजरेतून सुटतं : झटक्यांसाठी व्हाल्प्रोएट चालू असताना मेरोपेनेम सुरू केलं, तर दिवसा-दोन दिवसांत व्हाल्प्रोएटची पातळी कोसळते. डोस वाढवूनही ती भरून निघत नाही. झटक्यांचं औषध बदलावं लागतं, बहुधा लेव्हेटिरासिटाम देतात.

प्रश्न : पाचव्या दिवशी ताप नाही, बोलणं स्वच्छ. आता गोळ्या देऊन घरी का सोडत नाहीत?

उत्तर : सूज उतरली की औषधाची वाटही अरुंद होते, त्यामुळे बरं वाटू लागल्यावर डोस कमी करणं ही नेमकी उलटी चाल ठरेल. गोळीने पाण्यात हवी तेवढी पातळी सहसा गाठता येत नाही. मेनिंगोकोकस या मेनिंजायटिसच्या दुसऱ्या जंतूला साधारण ७ दिवस, न्यूमोकोकसला १० ते १४, लिस्टेरियाला २१, आणि हे सगळे दिवस शिरेतूनच.

प्रश्न : दवाखान्यात न्यायच्या आधी मुलीला तीन दिवस तापासाठी अँटिबायोटिक दिलं होतं. आता कल्चरमध्ये ‘वाढ नाही’. म्हणजे मेनिंजायटिस नव्हता?

उत्तर : तसा अर्थ काढू नका. योग्य अँटिबायोटिक शिरेतून गेल्यावर मेनिंगोकोकस दोनेक तासांत, न्यूमोकोकस काही तासांत कल्चरला सापडेनासा होतो. अर्धवट डोसानेही वाढ दबते. पण पांढऱ्या पेशी, वाढलेलं प्रोटीन आणि घटलेली साखर इतक्या लवकर पूर्ववत होत नाहीत. पाण्यातली साखर त्याच वेळच्या रक्तातल्या साखरेच्या ४० टक्क्यांहून कमी असेल तर संशय पक्का राहतो, म्हणून दोन्ही नमुने एकदमच घ्यायचे. जंतूचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीत मेलेल्या जंतूचाही माग लागतो, मात्र कुठलं औषध चालेल हे त्यातून सहसा कळत नाही. दुसरं कारण अगदी साधं असू शकतं : कल्चरचा नमुना कुणी फ्रिजमध्ये ठेवला असेल. हे जंतू थंडीने मरतात. नमुना खोलीच्या तापमानाला, लगेच लॅबमध्ये पोचायला हवा.

प्रश्न : रुग्णासोबत राहणाऱ्यांनी औषध घ्यावं का?

उत्तर : न्यूमोकोकस असेल तर गरज नाही. मेनिंगोकोकस असेल तर एका घरात राहणाऱ्यांनी आणि तोंडाच्या लाळेशी थेट संबंध आलेल्यांनी, शक्यतो २४ तासांच्या आत. प्रौढांना सिप्रोफ्लोक्सासिन ५०० मिलिग्रॅम एकदाच, किंवा रिफॅम्पिसिन ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन दिवस, किंवा सेफट्रायाक्झोन २५० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन. गरोदर बाईला इंजेक्शनच. जिथे सिप्रोफ्लोक्सासिनला दाद न देणारे मेनिंगोकोकस सापडले आहेत तिथे ती गोळी सोडून बाकी दोन्हींतलं एक घ्यायचं. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. पण गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्याने कमी होतो.

प्रश्न : बरा होऊन घरी आल्यापासून मुलाला एका कानाने कमी ऐकू येतं. इतक्या जड औषधांमुळे असेल का?

उत्तर : अमिकासिन किंवा जेंटामायसिन दिलं असेल तर तो संशय रास्त आहे. पण मेनिंजायटिसमध्ये, त्यातही न्यूमोकोकसच्या, बहिरेपणा बहुतेक वेळा आजारानेच येतो. दाह आतल्या कानापर्यंत पोचतो. ऐकण्याची तपासणी घरी सोडण्यापूर्वी, नाहीतर चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी होती, आता थांबू नका. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत नंतर हाड भरू लागतं. दोन्ही कान गेले असतील आणि कॉक्लिअर इम्प्लांटची वेळ आली, तर ती नळी मोकळी असेपर्यंतच इलेक्ट्रोड नीट आत जातो.