२०१३ ची बोलेरो पिकअप, मालक ३ लाख २५ हजार सांगतोय. किती द्यावेत?

मॉडेल, साल आणि मालकाचा भाव एवढंच तुम्ही लिहिलंय. तेवढ्यावरून आकडा सांगणं म्हणजे अंदाजपंचे. किलोमीटर तर सोडूनच द्या, धंद्याच्या गाडीचा मीटर कधी चालू होता आणि कधी बंद, ते मालकालाही आठवत नाही. त्यापेक्षा क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते बघा, गाडी किती चाललीय ते त्यावरून कळतं.

मी निफाडकडचा, कांदा-टोमॅटोची वाहतूक करतो. आमच्याकडे भाव ठरतो तो असा: त्याच सालातली, पासिंग (आरटीओचं फिटनेस) आणि विमा करून भाड्याला लागलेली गाडी तुमच्या तालुक्यात खरोखर कितीला गेली ते आधी विचारायचं. सांगितली कितीला ते नाही, गेली कितीला. मग ही गाडी त्या अवस्थेला आणायला जो खर्च येईल तो त्यातून वजा करायचा.

पण त्याआधी कागद. नंबर एमपरिवहन ॲपवर टाका. पासिंग कधीपर्यंत आहे, विमा आहे का, आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) कर्जाचा बोजा आहे का, ते दिसतं. ई-चलनं वेगळी तपासा. कर्ज फिटलंय पण बोजा उतरवला नाही, अशा गाड्या चिक्कार फिरतात. फायनान्सवाल्याची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका. आठ वर्षं झालेल्या गाडीला पासिंग दरवर्षी लागतं, वर पर्यावरण कर. नुसता थर्ड पार्टी विमाच सोळा हजारांवर जातो. आणि २०२८ ला या गाडीला पंधरा वर्षं होतील, तिथून पासिंगची फी वाढते. म्हणजे तुम्ही विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक हेच बोट दाखवणार. ते आजच्या भावात धरा.

गाडी बघायला सकाळी लवकर जा, न सांगता गेलात तर उत्तम. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकानं आधीच चालू करून ठेवलीय, थंड स्टार्ट कसा घेते ते तुम्हाला दिसू नये म्हणून. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढा. धूर भकाभक बाहेर येत असेल तर कंप्रेशन गेलंय, इंजिनचं काम निघणार. हा एकच खर्च सगळा हिशेब फिरवतो.

मग खाली झोपा. खरंच झोपा, पोतं टाकून. केबिनच्या मागे, आणि कमानपाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे चासीला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) धरतात तिथे वेल्डिंगचे टाके किंवा नवा काळा रंग दिसतो का बघा. बाकी चासी मळलेली आणि तेवढाच भाग चकचकीत, तर तिथे काहीतरी लपवलंय. वाळू-विटांची गाडी तिथेच तुटते. कोकणातून आलेली असेल तर जास्त जपून, मासळीच्या बर्फाचं खारं पाणी चासी आतून खातं. लहान हातोडीनं ठोकत जा, आवाज बद्द आला की आतून गंजलंय समजायचं. चासी गेलेली गाडी मी तरी भंगाराच्या भावावर एक रुपया देणार नाही, इंजिन कितीही गोड वाजू दे. टायर, बॅटरी, हौदाचा पत्रा यांचा खर्च मोजता येतो, त्यावर घासाघीस करा, घाबरू नका.

समजा तुमच्याकडे अशी तयार गाडी ३ लाखांना जाते. हिचं पासिंग संपलंय, विमा नाही, पुढचे दोन टायर गुळगुळीत आणि पाट्यांचं काम आहे. एवढ्यात ४०-५० हजार सहज जातात. मग बोलणी २ लाख ३० पासून सुरू करा, अडीचच्या वर जाऊ नका. मालक पेट्रोलपंपापर्यंत सोडायला येईल आणि तिथे अजून पाच हजार मागेल, तेव्हा चहा प्या आणि निघा.

व्यवहार जमला तर गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या समोर घ्या, आणि वीसेक हजार आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत हातचे राखून ठेवा. विमाही लगेच नावावर करून घ्या.