आकडा आधी वस्तीत वाच

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र आणि सोबतची एक्सेल शीट, दोन्ही वाचलं. चार संस्था, महापालिकेचा दवाखाना, दोन कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाचा निधी, आणि सिंहगड रोडच्या अंगाच्या तीन वस्त्या अशी सगळी मोट बांधून पाच वर्षांखालच्या मुलांचे जुलाब कमी करायचे, त्यासाठी सगळ्यांकडची माहिती एका जागी आणायची, आणि हे काम तुझ्या गळ्यात पडलंय. (गळ्यात पडलंय हे शब्द तुझे. मी असते तर मागून घेतलं असतं.) डॅशबोर्ड कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये करू, असं तू विचारतेस. गुगल शीट पुरेल. भिंतीवर चिकटवलेला कागदही पुरेल. तू न विचारलेल्या गोष्टींबद्दल मात्र सविस्तर लिहिते.

तुझ्या शीटमधला 'जुलाबाचे रुग्ण' हा रकानाच घे. दवाखाना केसपेपर मोजतो. एकच मूल आठवड्यात दोनदा आणलं की तिथे दोन रुग्ण. आशाताई मुलं मोजते, तीही ज्या घरी त्या महिन्यात तिचं जाणं झालं तिथलीच. संस्थेच्या सर्व्हेत 'गेल्या पंधरा दिवसांत घरात कुणाला जुलाब झाले का' असा प्रश्न आहे, म्हणजे तिथे घर मोजलं जातंय. या तिन्हींची बेरीज करून तू खाली ठळक अक्षरांत एक आकडा लिहिला आहेस. तो आकडा कशाचाच नाही. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचाला होणं, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. ती सगळ्यांनी मान्य करावी, आणि ती मान्य करायलाच पहिली बैठक खर्ची पडली तरी पडू दे. त्या बैठकीत आशाताईला बोलावशीलच. ती सांगेल की दात येताना पोट बिघडायचंच, असं धरून बसलेल्या आया ते आजारपणात धरतच नाहीत, त्यामुळे 'जुलाब झाले का' असं विचारलं की नाहीच म्हणतात. प्रश्न कसा विचारायचा हे तिला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

हजार मुलांमागे किती, असं तू काढलंस, पण ते हजार कुठून आणलेस? शेवटची जनगणना २०११ ची. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. तुझ्या तीन वस्त्यांपैकी एक २०११ ला त्या जागेवर होती का, हेच आधी बघायला हवं. आशाताईंच्या आणि अंगणवाडीच्या रजिस्टरवरून मुलांची यादी स्वतः कर. भाड्याने राहणारी कुटुंबं दोन्ही रजिस्टरांतून सुटतात, तेव्हा ती घरोघर जाऊनच मिळतील.

एकत्र माहितीचं मोल पुण्याने जानेवारी २०२५ मध्ये फार महाग दरात शिकून घेतलं. गिया-बारेचे, म्हणजे नसांवर घाला घालून हातापायांतली ताकद घालवणाऱ्या जीबीएसचे रुग्ण निरनिराळ्या रुग्णालयांत दाखल होत होते. एरवी क्वचित दिसणारा आजार, त्यामुळे एकेका डॉक्टरासमोर मोजकेच रुग्ण. याद्या एकत्र आल्या, पत्ते नकाशावर मांडले गेले, तेव्हा किरकटवाडी, सिंहगड रोडचं नांदेड, नांदोशी, धायरी हा सगळा पट्टा उठून दिसला. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या तपासणीत अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला, काहींत नोरोव्हायरस, आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे वळलं. विहीर, टँकर, बोअर, खासगी आरओ प्लँट. रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. मला त्यातलं एकच टोचतं. रुग्णालयांकडे नावं होती, पाणीपुरवठा विभागाकडे व्हॉल्व्ह आणि टाक्यांचे नकाशे होते, सोसायट्यांकडे टँकरची बिलं होती. यातलं काहीही गुप्त नव्हतं. हे सगळे कागद एका टेबलावर यायला माणसं आजारी पडावी लागली. तू जे करते आहेस ते म्हणजे असं टेबल आधीच मांडून ठेवणं.

आता उत्तरदायित्वाचं. तुझ्या आराखड्यात 'सर्व भागीदार जुलाब ३० टक्क्यांनी कमी करण्यास जबाबदार' असं वाक्य आहे. ते काढून टाक. सगळे जबाबदार म्हणजे कुणीच नाही, हे तू दोन महिन्यांत बघशील. मार्क फ्रीडमन नावाच्या अमेरिकन माणसाने या बाबतीत एक फरक केलाय, तो मला आजवर उपयोगी पडत आलाय. वस्तीतल्या मुलांची तब्येत ही सगळ्यांची मिळून गोष्ट. ती एका संस्थेच्या नावावर टाकता येत नाही, आणि कुठल्या संस्थेने तिचं श्रेयही एकटीने घेऊ नये. पण आपापल्या कामाचा हिशेब ज्याचा त्याने द्यायचा. त्यासाठी त्याचे तीन प्रश्न आहेत. किती काम केलं, कसं केलं, आणि त्याने कुणाचं काही बरं झालं का. ओआरएसची पाकिटं किती वाटली, हे सगळेच सांगतात. ती कालवायची कशी हे आईला दाखवून दिलं का, तिथे आवाज जरा खाली येतो. आणि मूल दवाखान्यात न्यावं लागण्याआधी घरी ओआरएस सुरू झालं का, यावर तर शांतताच असते. तुझ्या शीटमध्ये पहिल्या प्रश्नाचे रकाने भरपूर आहेत. तिसऱ्याचा एकही नाही.

कंपन्यांची मंडळी पहिल्या प्रश्नावर खूश असतात. कंपनी कायदा २०१३ मुळे ठरावीक नफा-उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्याचा अहवाल द्यावा लागतो, आणि अहवालात 'लाभार्थी ४,०००' छान दिसतं. त्यांना ते दे. भांडू नकोस. फक्त तिसऱ्या प्रश्नाचा रकाना त्याच पानावर ठेव, म्हणजे वर्षभरात तेच विचारू लागतील.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. महाराष्ट्रात २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होतं, आणि राज्य पातळीवरची समन्वयाची जबाबदारी आपल्या पुण्यातल्याच 'साथी' संस्थेकडे होती. पद्धत साधी. गावातल्या समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं. नर्सबाई येतात का, औषध मिळतं का की बाहेरून आणायला सांगतात, पैसे मागतात का. चांगलं तर हिरवा रंग, बरं तर पिवळा, वाईट तर लाल. मग जनसुनवाई. अशा एका सुनवाईला मी मागच्या रांगेत बसले होते. भिंतीवर तक्ता, त्यात औषधांच्या रांगेत लाल चौकोन. एक बाई उठल्या आणि बाहेरून आणलेल्या औषधाची पावती त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. डॉक्टर आधी चिडले. मग त्यांनी स्वतःच्या पिशवीतून वरच्या कार्यालयाला पाठवलेल्या मागणीपत्राची प्रत काढली. औषध मागितलं होतं, आलंच नव्हतं. दोन कागद शेजारी शेजारी आले आणि प्रश्न तालुक्याच्या साहेबांकडे सरकला. तारीख ठरली, ती तक्त्यावर सगळ्यांदेखत लिहिली गेली.

तुझ्या योजनेत आकडे वस्तीतून निघतात, संस्थेत जातात, कंपनीत जातात, क्षेत्रीय कार्यालयात जातात, आणि वस्तीत परत येतच नाहीत. हे उलटं कर. महिन्याचा आकडा सर्वांत आधी वस्तीत वाच, मोठ्या अक्षरांत, मराठीत, साहेबांना पाठवण्याआधी. चुका तिथेच सापडतील. 'आमच्या गल्लीत नऊ जण आजारी होते, तुमच्यात दोनच कसे?' असं कुणीतरी म्हणेलच. हडबडू नकोस, पेन काढ. 'शेल्टर असोसिएट्स' या संस्थेने पुण्यातल्या वस्त्यांचे घरनिहाय नकाशे केले, कुठल्या घरात शौचालय नाही आणि ड्रेनेजची लाइन कुठून जाते हे त्यात मांडलं. मग सामान दारात पोचवायचं आणि बांधणीचा खर्च कुटुंबाने करायचा, असा व्यवहार ठरला. नकाशात आपलं घर सापडलेलं माणूस वेगळ्या उत्साहाने बोलतं.

आणि आकड्यावरून कुणाला ओरडू नकोस, कुणाला ओरडू देऊ नकोस. अंगणवाडीत हे नेहमीचं आहे. ज्या सेविकेकडे तीव्र कुपोषित मुलं जास्त, तिला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करतात. पुढच्या महिन्यात तिची मुलं कागदावर सुधारतात. मुलाचं वजन तेवढंच असतं. उंचीच्या रकान्यात एक-दोन सेंटिमीटर कमी लिहिले की उंचीच्या मानाने वजन ठीक दिसतं. आकडा खरा सांगणाऱ्या बाईला शिक्षा आणि खोटा सांगणारीला शाबासकी, अशी व्यवस्था आपण आपल्या हाताने लावतो आणि वर 'डेटा क्वालिटी'चं प्रशिक्षण ठेवतो. तुझ्या बैठकीत ज्या वस्तीचा आकडा वाढला, तिथल्या आशाताईला पहिला प्रश्न हा असू दे: तुला काय हवंय?

पाण्याबद्दल थोडं तांत्रिक. तुझ्याकडे पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल आहेत आणि सगळे 'पिण्यायोग्य' आहेत. नमुने घेतले कुठून? टाकीवरून असतील तर अहवालही खरा आणि मुलंही आजारी, दोन्ही शक्य आहे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ येतं. पाणी गेलं की पाइपातला दाब उतरतो, आणि लाइन नाल्याजवळून जात असेल, सांधा गळका असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. ती दुसऱ्या दिवशी पहिल्या पाण्याबरोबर नळाला येते. म्हणून टेल एंडच्या, म्हणजे लाइनच्या शेवटच्या घरी, पाणी आल्या आल्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करा. छोट्या नळीत पाणी, त्यात ओटीच्या द्रावणाचे थेंब, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला क्लोरीन हवा. पिवळं झालंच नाही तर वेळ आणि घर लिहून ठेवा. आशाताई हे सहज करतील, फक्त द्रावण हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी कुणी पिऊ नये. व्हॉल्व्हमनशी ओळख कर. कुठली लाइन किती वाजता सुटते हे त्याला तोंडपाठ असतं, आणि त्याला आजवर कुणी बैठकीला बोलावलेलं नसतं.

जुलाब पावसाळ्यात वाढतात हे लक्षात ठेव. ऑगस्टची तुलना फेब्रुवारीशी करून 'घट' दाखवणारे अहवाल मी भरपूर पाहिलेत. मागच्या वर्षीचा तोच महिना धर. मागच्या वर्षीचे आकडे नसतील तर हे वर्ष नुसतं मोजण्याचं, असं निधी देणाऱ्यांना स्पष्ट सांग.

अहवाल मिळाले नाहीत तर? माहितीच्या अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे बरीचशी माहिती न मागता जाहीर करायची असते, आणि पुणे महापालिकेत तर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाइली बघू देण्याची सोय फार आधी सुरू झाली. पण ज्या अधिकाऱ्याला भागीदार म्हणतेस त्याच्याकडे अर्ज घेऊन जाण्याआधी एकदा चहाला जा. अर्ज कुठे पळून जात नाही.

नावांची काळजी घे. तुझ्या शीटमध्ये मुलाचं नाव, आईचा मोबाइल आणि गल्ली एकाच ओळीत आहे, आणि ती लिंक अख्ख्या व्हॉट्सअॅप ग्रुपला उघडते. आज बंद कर. नावांची यादी आशाताई आणि दवाखान्यापुरती. बाकीच्यांना वस्तीची बेरीज पुरे. चाळीस घरांच्या गल्लीत 'टीबीचा एक रुग्ण' लिहिलं तरी नाव लिहिल्यासारखंच आहे, तेव्हा इतके लहान आकडे वाचून दाखवू नकोस. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहेच, पण तो नसता तरी हे करायचंच होतं.

बैठकीचं. इतिवृत्तात 'पाठपुरावा सुरू आहे' हे वाक्य येऊ देऊ नकोस. प्रत्येक मुद्द्यापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख, संस्थेचं नाव चालणार नाही. पुढची बैठक त्या यादीपासून सुरू होईल, नवीन पीपीटीपासून नाही. झालं नसेल तर का नाही, आणि कुणाची मदत हवी. पाच मिनिटांचं काम असतं हे, आणि बहुतेक भागीदाऱ्या नेमक्या याच पाच मिनिटांवर मोडतात, कारण कुणालाच कुणाला विचारायचं नसतं. विचारायची जबाबदारी तुझी. वयाने लहान आहेस म्हणून अवघड जाईल. 'सर, यादीत तुमचं नाव आहे म्हणून विचारते' एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं.

पहिली बैठक तू बाणेरच्या हॉटेलात सकाळी अकराला ठेवली आहेस. त्या वेळी वस्तीतल्या बाया धुण्याभांड्याच्या कामावर असतात. संध्याकाळी सहानंतर, समाजमंदिरात घे. साहेब लोक कुरकुर करतील, येतील पण. जाण्याआधी शीटमधल्या 'जुलाबाचे रुग्ण' रकान्याचे केसपेपर, मुलं आणि घरं असे तीन वेगळे रकाने कर आणि मला पाठव, नावं काढून. गुरुवारी मी घरीच आहे.

तुझी,
ताई