गाणं मिक्स करताना प्रत्येक ट्रॅकवर हाय-पास फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या खालचा आवाज कापणारा) लावायचाच असतो का?

नाही, डोळे झाकून सगळीकडे लावू नका. व्होकलवर लावाच, कारण माइक स्टँडला लागलेला धक्का, पंख्याची घरघर, 'प' आणि 'भ' म्हणताना माइकवर आदळणारी हवा, हे सगळं खाली ८०-१०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही खाली साचतं आणि किक (ड्रमसेटचा पायाने वाजवायचा मोठा ड्रम), बेसची जागा खातं. माझी पद्धत सांगतो, पूर्ण गाणं चालू ठेवायचं, कटऑफ (जिच्याखालचं कापलं जातं ती फ्रिक्वेन्सी) हळूहळू वर न्यायचा, आवाज पातळ वाटायला लागला की तिथून थोडं मागे यायचं आणि सोडून द्यायचं. सोलो करून, म्हणजे फक्त तो एकच ट्रॅक ऐकत, हे करू नका प्लीज, सोलोमध्ये कान फसतात, एकटं गिटार भरदार वाटतं पण मिक्समध्ये तोच भरदारपणा चिखल होतो.

स्लोप (कटऑफखाली आवाज किती झपाट्याने कमी होतो ते) शक्यतो १२ डीबी पर ऑक्टेव्ह ठेवा, म्हणजे १०० वर कटऑफ असेल तर ५० हर्ट्झला साधारण १२ डीबी कमी होतं, पुरेसं आहे. २४ किंवा ४८ चा स्लोप लावला की कटऑफजवळ फेज (ध्वनिलहरीची वेळेतली जागा) जास्त फिरतो, आणि एकाच ड्रमवर दोन माइक असतील ना तर त्यातल्या एकावरच असा फिल्टर लावून बघा, ठोका लगेच पोकळ होतो. फिल्टरच्या लिनियर फेज मोडमध्ये फेज फिरत नाही पण ठोक्याच्या आधीच एक हलकी सावली ऐकू येऊ शकते, त्यामुळे किकवर तो मी टाळतोच.

बाकी लो-पास (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) सिंथ पॅडवर, म्हणजे सिंथेसायझरच्या मागे लांबत राहणाऱ्या सुरांवर, बिनधास्त वापरा, पॅड मागे सरकतं आणि व्होकलला जागा मिळते.